बॅरेट, पथ्य आणि पुढची दुर्बीण

‘बॅरेट’ या एका शब्दावरचे वाचकांचे प्रश्न इतके साठलेत की या वेळी दुसरा विषय घेतच नाही. पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येत राहिलं की काही जणांच्या अन्ननलिकेचं खालच्या टोकाचं अस्तर बदलतं आणि आतड्याच्या अस्तरासारखं होतं. नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश सर्जनने 1950 मध्ये यावर लिहिलं, म्हणून त्यांचं नाव. हा कर्करोग नाही, कर्करोगाच्या आधीची शक्यता आहे. पेशींत बिघाड (डिस्प्लेसिया) नसेल तर वर्षाला हजारातल्या जेमतेम पाच जणांत, बहुधा त्याहूनही कमी जणांत, ती शक्यता खरी ठरते. घाबरू नका आणि विसरूही नका.

रिपोर्टवर ‘सी2 एम4’ लिहिलंय. चौथी स्टेज का? (कळवा, वय 47)

नाही. बदललेलं अस्तर 2 सेंटिमीटरपर्यंत पूर्ण गोलाकार आहे आणि त्याचं सर्वात लांब टोक 4 सेंटिमीटरपर्यंत गेलंय, एवढंच. ते मोजमाप आहे, स्टेज नाही.

रात्री थंड दूध घेतलं तर चालेल का?

घोटभर बरं वाटतं, मग पोट पुन्हा आम्ल सोडतं. झोपताना नकोच.

पित्ताची गोळी मी जेवण झाल्यावर घेते. चुकतंय का?

पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल गटातली असेल तर हो. ती नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी.

ऑफिस अंधेरीला, घर घोडबंदर रोडला. ट्रॅफिकमधून सुटून जेवायला साडेदहा, अकराला आडवा. पथ्य कसं पाळू? (वय 52)

तुमच्यासारखे रुग्ण मला रोज भेटतात. तिखट सोडतात, चहा सोडतात, भरल्या पोटी आडवं होणं मात्र सोडत नाहीत. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. ते घरी जमणार नसेल तर मुख्य जेवण संध्याकाळी सात-साडेसातला ऑफिसातच उरका. पोळीभाजीचा दुसरा डबा न्या. घरी पोचल्यावर लागलंच तर वाटीभर मऊ भात किंवा मुगाची खिचडी, तीही बेताची. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू सहा ते आठ इंच उचला. उशांचा ढीग नको, त्याने पोट दुमडतं आणि आम्ल आणखी वर येतं. डाव्या कुशीवर झोपा. पोटाचा घेर कमी करा, तंबाखू-सिगारेट बंद करा. मिसळ वर्ज्य नाही, पण तर्री रात्री नको. चहा वाफाळता पिऊ नका, जरा निवू द्या.

आम्ही दिवाळे कोळीवाड्याचे. मासे सोडायचे का? आणि सोलकढीने पित्त शमतं ना?

मासे खा. रश्श्यातलं तेल-तिखट कमी करा, तळलेलं क्वचित. सोलकढीत कोकमाचा आंबटपणा आणि नारळाची चरबी दोन्ही असतं. काहींना सोसते, काहींना नाही. जिभेऐवजी छातीला विचारा.

ज्येष्ठमध, हळद आणि कोरफडीचा 90 दिवसांचा कोर्स केला. जळजळ पूर्ण थांबली, गोळी बंद केली. कोर्सवाले म्हणतात, बॅरेट उलटलं, आता एंडोस्कोपीची गरज नाही. त्यांनी दोघांचे आधीचे-नंतरचे रिपोर्टही दाखवले. (वाशी, वय 58)

या प्रश्नासाठी मी जागा राखून ठेवली होती.

पहिली गोष्ट, जळजळ थांबणं आणि अस्तर पूर्ववत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बदललेल्या अस्तराला आम्ल पूर्वीइतकं झोंबत नाही. जळजळीचा जुना रुग्ण कधीकधी “आता बरंय” म्हणतो, ते याच बदलामुळे. आतलं अस्तर काय म्हणतंय ते दुर्बीण (एंडोस्कोपी) आणि तुकडा तपासणी (बायोप्सी) हेच सांगतात.

दुसरं, ते रिपोर्ट. बॅरेट ठिगळाठिगळाने असतं. म्हणून दर 2 सेंटिमीटरवर चारही बाजूंनी तुकडे घ्यायचा नियम आहे. एखाद-दोनच तुकडे घेतले आणि ते ठिगळाच्या शेजारून आले, तर रिपोर्ट ‘नॉर्मल’ येणारच. त्यात चूर्णाची करामत काही नाही. शिवाय कित्येकांना नुसतं बघून ‘बॅरेट’ लिहिलेलं असतं, तुकडा पाठवलेलाच नसतो. जे नव्हतंच ते उलटवायला किती दिवस लागणार? आधीचा रिपोर्ट दाखवणाऱ्याला विचारा, तुकडे किती आणि कुठून घेतले होते. माझा अनुभव, यावर फोन ठेवतात.

तिसरं, घरगुती म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ज्येष्ठमध महिनोन्महिने घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. हळद भाजीत घाला, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कोणत्याही खाण्याने किंवा काढ्याने बॅरेट जातं, असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

गोळीचीही तुम्हाला भीती असेल. ती अनेक वर्षं चालली तर बी12 आणि मॅग्नेशियम तपासत राहावं, शाकाहारी आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी तर आवर्जून. पण भीतीला उत्तर रक्ततपासणी आहे, परस्पर गोळी बंद करणं नाही. डिस्प्लेसिया नसेल तर पुढची दुर्बीण साधारण पाच वर्षांनी, अस्तर 3 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर तीन वर्षांनी. तुमची तारीख कधीची आहे ते फाइल उघडून बघा आणि याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा.

योगवर्गात रोज सकाळी मिठाचं पाणी पिऊन वमन करायला सांगतात. पित्त निघून जातं म्हणे. (ठाणे पूर्व)

अहो, जे आम्ल वर येऊ नये म्हणून आपण विटा लावतोय, ते तुम्ही मुद्दाम वर आणताय! बंद करा. पोटाने संथ श्वास घ्यायचा सराव मात्र चांगला, छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या स्नायूला त्याने बळ येतं. जेवणानंतर शीर्षासन किंवा खाली वाकणं नको.

वडिलांच्या रिपोर्टमध्ये ‘लो ग्रेड डिस्प्लेसिया’ आलंय. ते म्हणतात, आधी तीन महिने कडक पथ्य करून बघतो, मग काय ते ठरवू. (ऐरोली)

पथ्य आजपासून करू दे, पण थांबणं मान्य नाही. ‘लो ग्रेड’ म्हणजे पेशींतला सौम्य बिघाड. या निदानात तज्ज्ञांतही मतभेद होतात, म्हणून लॅबमधून ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचपट्टीवरचे काप) मागून घ्या आणि पचनसंस्थेचं काम करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. टाटा मेमोरियल केंद्र परळला आहे, तुम्हाला जवळ हवं तर खारघरलाही आहे. निदान पक्कं झालं तर दुर्बिणीतूनच ते अस्तर जाळून काढता येतं, छाती उघडावी लागत नाही. काही जणांना त्याऐवजी लवकर-लवकर दुर्बीण करत राहणं योग्य ठरतं. कोणता मार्ग, हे तुमचे पोटविकारतज्ज्ञ वडिलांना तपासून ठरवतील. मध्येच घास अडकू लागला, वजन उतरलं, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी न्या. आणि ब्लॉक मागायला वडिलांना पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. ते “नंतर बघू” म्हणून परत येतील.