अंबरमधील जीवाश्म, क्ष-किरण आणि बारावीनंतरची वाट

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या घट्ट झालेल्या राळेत, अडकलेल्या प्राचीन कीटकांचा क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास करण्याची तिची इच्छा आहे; नातेवाइकांनी मात्र त्यासाठी एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स सुचवला आहे. तो कोर्स योग्य ठरेल का, आणि या विषयावर पुढे पोट भरेल का, असे आपण पत्रात विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. रुग्णालयातील तंत्रज्ञाचे काम मोलाचे आहे, पण ती वाट इकडे येत नाही. दवाखान्यातील एक्स-रेमध्ये हाड दिसते, कारण ते मांसापेक्षा अधिक किरण शोषून घेते. अंबर आणि त्यातील कीटक या दोहोंच्या शोषणात बहुतेक वेळा फारच थोडा फरक असतो. म्हणून सिंक्रोट्रॉनमधील, म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळाकार वेगाने फिरवून क्ष-किरण निर्माण करणाऱ्या मोठ्या यंत्रातील, तीव्र किरण वापरून डिटेक्टर नमुन्यापासून थोडा दूर ठेवतात. त्यामुळे दोन पदार्थांच्या सीमेवर किरणांच्या कलेत (फेज, म्हणजे लहरीच्या चढउताराच्या स्थितीत) होणारा बदल टिपला जातो आणि कडा उठून दिसतात. फ्रान्समधील ग्रनोबल येथील सिंक्रोट्रॉनवर त्याच देशाच्या शारांत भागातील अपारदर्शक अंबरचे ६४० तुकडे याच पद्धतीने तपासले गेले, तेव्हा त्यांत ३५६ जीव आढळले. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र प्रतिमा मिळाल्यावर खरे काम सुरू होते. म्यानमारच्या अंबरमधील एक इवलीशी कवटी मार्च २०२० मध्ये ‘ऑक्युलुडेंटाविस’ या नावाने पक्षी-डायनोसॉर म्हणून जाहीर झाली. तिचे स्कॅन उत्तम होते, तरीही दातांची जबड्याशी असलेली जोडणी आणि डोळ्याभोवतीची हाडे पाहून इतर अभ्यासकांनी ती सरड्याच्या गटातील असल्याचे म्हटले, आणि जुलैमध्ये तो लेख मागे घेण्यात आला. यंत्र निर्दोष चालले होते, चुकला तो अर्थ. म्हणून मुलीने आधी शरीररचना आणि खडक वाचायला शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी बी.एस्सी.ला भूशास्त्र मुख्य विषय घ्यावा आणि शक्य असेल तेथे प्राणिशास्त्राची जोड द्यावी. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात भूशास्त्र शिकता येते. त्यानंतर ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येईल, आणि पीएच.डी.साठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था किंवा लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था यांचा विचार करता येईल. अंबरसाठी परदेशातच जावे लागते असेही नाही. सुरत जिल्ह्यातील वस्तान आणि तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींतून पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे, साल वृक्षाच्या कुळातील झाडांचे अंबर मिळाले असून त्यातील कीटकांवर भारतीय शास्त्रज्ञांनी काम केले आहे. हे अंबर द्रावकात विरघळत असल्याने काही कीटक अख्खे बाहेर काढता येतात, म्हणजे प्रत्येक वेळी क्ष-किरणच हवेत असेही नाही. क्ष-किरण प्रतिमांकनाची सोय इंदूरच्या ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉनवर आहे.

उपजीविकेबाबत सांगायचे तर केवळ अंबरवर काम करणाऱ्यांच्या जागा फार थोड्या आहेत, आणि हे मुलीपासून लपवू नये. परंतु भूशास्त्राची एम.एस्सी. असल्यास केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येते, आणि नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास संशोधनाच्या काळात विद्यावेतन मिळते. एक्स-रे टेक्निशियनच्या कोर्सने यांपैकी एकही दार उघडत नाही.

आवड कितपत टिकाऊ आहे, हे घरीच तपासता येईल. ‘थ्रीडी स्लायसर’ हे स्कॅन हाताळण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि ‘मॉर्फोसोर्स’ या ऑनलाइन संग्रहातील अनेक स्कॅन उतरवून घेता येतात. त्यांतील एखाद्या लहान प्राण्याचा एकच पाय छेदामागून छेद (स्कॅनमधील एकेक पातळ काप) रंगवत वेगळा काढण्यास तिला सांगावे. प्रत्येक छेदात तो पाय बारीकशा ठिपक्यासारखा दिसतो, शेजारच्या पायाला चिकटतो, मध्येच दिसेनासा होतो, आणि पुन्हा कोठे उगवला हे नजरेनेच ठरवावे लागते. या कामात दिवसचे दिवस जातात. दिवाळीच्या सुट्टीत तिने ते मन लावून पूर्ण केले, तर तिला भूशास्त्राकडे निश्चिंतपणे जाऊ द्यावे. मात्र पुढे प्रतिमांच्या प्रक्रियेसाठी गणित लागणारच असल्याने, बारावीला जीवशास्त्रासाठी गणित सोडण्याचा विचार असेल, तर तो कृपया करू नये.