एकाही मोसमात ५० नाहीत, तरी ७५५

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

अख्ख्या बेसबॉल स्पर्धेत होमरन (चारही बेस एका फटक्यात पूर्ण करून देणारा टोला) लागला नाही म्हणून तू बॅटिंगची ढबच बदलायला निघालीस, हे वाचून लगेच लिहायला बसलो. आधी हँक आरनची गोष्ट ऐक.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मोबाईल शहरात १९३४ साली एका गरीब कृष्णवर्णीय घरात तो जन्मला. काठीने बाटल्यांची झाकणं टोलवत खेळायला शिकला. उजव्या हाताचा बॅटर, पण बॅट धरताना डावा हात वर, म्हणजे पकडच उलटी! ती पुढे सुधारली. त्याची खरी ताकद मनगटांत होती. चेंडू अगदी अंगाशी येईपर्यंत थांबायचा आणि मग मनगटं अशी फिरवायचा की बघणाऱ्याला बॅट दिसायचीच नाही. अंगापिंडाने तो धिप्पाड वगैरे नव्हता.

१९५४ ते १९७६ मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळला, ७५५ होमरन मारले. पण एका मोसमात ५० कधीच नाहीत. सर्वाधिक ४७, तेही वयाच्या ३७ व्या वर्षी. १९५५पासून सलग २० मोसम मात्र २०च्या खाली कधी आला नाही. मला त्याचा सगळ्यात आवडता आकडा वेगळाच आहे. एकूण हिट्स (चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठणं) ३,७७१. त्यातून सगळे होमरन वजा कर, तरी ३,०१६ उरतात. नुसत्या ३,००० हिट्ससाठी तिथले दिग्गज आयुष्यभर झुरतात. शिवाय एकाही मोसमात त्याचे १०० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) झाले नाहीत.

१९७३ संपलं तेव्हा तो ७१३वर होता, जुना विक्रमवीर बेब रूथच्या ७१४ला एक कमी. गोऱ्यांच्या दैवताचा विक्रम कृष्णवर्णीय माणूस मोडणार, हे अनेकांना सोसवेना. शिवीगाळीची, जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं ढिगाने आली, अंगरक्षक ठेवावा लागला. ती पत्रं त्याने फेकली नाहीत, जपून ठेवली. त्या माणसाच्या मनाचा विचार केला की आजही मला गलबलून येतं. नव्या मोसमातल्या पहिल्याच स्विंगला ७१४वा गेला. ८ एप्रिल १९७४ला अटलांटात पिचर (चेंडू फेकणारा) अल डाउनिंगच्या चेंडूवर ७१५वा. बेस पूर्ण करून होमप्लेटवर आला तेव्हा आईने त्याला घट्ट मिठी मारली.

२००७मध्ये बॅरी बाँड्सने ७५५ ओलांडले, तेव्हा आरनने व्हिडिओ संदेश पाठवून त्याचं अभिनंदन केलं. २,२९७ आरबीआय (त्याच्या बॅटिंगमुळे संघाला मिळालेल्या धावा) आणि ६,८५६ टोटल बेसेस (हिट्सवर मिळवलेले एकूण बेस) हे त्याचे विक्रम मात्र अजून कुणी मोडलेले नाहीत.

तेव्हा महिनाभर ढबीला हात लावू नकोस. तुझ्या वहीत होमरनचा रकाना आहे. शेजारी दोन रकाने आख: चेंडू बॅटच्या मध्यावर किती वेळा बसला आणि स्ट्राइक झोनबाहेरचे (बॅटरने टोलवायलाच हवेत अशा पट्ट्याबाहेरचे) चेंडू किती सोडलेस. रविवारी वही घेऊन ये. पकड आपण मैदानावरच बघू.

तुझे,
सर