सॉफ्ट टॉप जिप्सीच्या हुडाची मागची ‘काच’ पिवळी पडलीय. पॉलिश करून भागेल की बदलावीच लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांकडून आलेली 1994 ची सॉफ्ट टॉप जिप्सी आहे, हुडाचं कापड अजून धड आहे, पण मागचं पारदर्शक प्लास्टिक पिवळं-धुरकट झालंय आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे नुसते पसरलेले डाग दिसतात. हेडलाइट पॉलिश करणारा म्हणतो अर्ध्या तासात चकाचक करून देतो. सीटकव्हरवाला म्हणतो अख्खा हूडच नवीन शिवा. आणि मित्राच्या परदेशी कन्व्हर्टिबलला मागे खरी काच आहे, तशी बसवता येईल का, हेही तुम्ही विचारलंय.

आधी त्या दोघांनाही थांबवा. मी कोथरूडमध्ये अशीच जिप्सी अकरा वर्षं सांभाळतोय. सध्या तिला मागे तिसरं प्लास्टिक आहे. पहिलं उन्हाने गेलं, दुसरं माझ्या घाईने. त्यामुळे काय करू नये हे मला जरा जास्तच माहीत आहे.

एक सोपी परीक्षा करा, पैसे लागत नाहीत. मागचा पडदा, म्हणजे हुडाचा ही ‘काच’ असलेला मागचा भाग, साध्या पाण्याने धुऊन घ्या आणि ओला असतानाच त्यातून पलीकडे बघा. ओल्यात बऱ्यापैकी स्वच्छ दिसत असेल आणि वाळल्यावर परत धुरकट होत असेल, तर खराबी वरवरची आहे: बारीक ओरखडे आहेत, पाणी त्यात भरतं म्हणून तेवढ्यापुरतं दिसतं. हे पॉलिशने सुधारतं. ओल्यातही धुकं तसंच राहत असेल, तर ते प्लास्टिकच्या आत आहे. मग मागे पांढरा कागद धरा, पिवळेपणा किती ते लगेच कळेल. शेवटी दुपारच्या उन्हात, शीट गरम असताना, एक कोपरा हलक्या हाताने वाकवा. मऊपणे वाकला तर जीव आहे. पुठ्ठ्यासारखा अडला किंवा बारीक चर्र आवाज आला, तर तिथेच थांबा आणि थेट बदलायची तयारी करा.

आपण ‘काच’ म्हणतो ती पीव्हीसीची शीट असते. घरातला पाण्याचा पाइपही पीव्हीसीचाच, पण तो कडक आणि ही मऊ. फरक आत मिसळलेल्या तेलकट द्रव्याचा, ज्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. उन्हातान्हात ते हळूहळू बाहेर निघून जातं, म्हणून शीट कडक होते, आकसते, आणि मग एक दिवस पडदा हुडाला जोडणारी चेन (झिप) लागेनाशी होते. (चेन खराब झाली असं समजून मी चेन बदलली होती. चेन चांगलीच होती.) पिवळेपणाचं कारण वेगळं. ऊन आणि उष्णतेने पीव्हीसीच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटत जातं आणि रंग आधी पिवळा, मग तपकिरी होत जातो. हा बदल पदार्थातच होतो, वर साचलेला थर नव्हे. त्यामुळे पिवळं झालेलं प्लास्टिक घासून पांढरं करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता तो हेडलाइटवाला. हेडलाइटचं कव्हर पॉलिकार्बोनेटचं, कडक. हल्ली रस्त्याकडेला एका कपात रसायन गरम करून त्याची वाफ हेडलाइटवर सोडतात आणि तो क्षणात चमकतो. ती वाफ म्हणजे सहसा क्लोरोफॉर्मसारखं द्रावक, वरचा थर विरघळवून सपाट करणारं. मऊ पीव्हीसीला ते लागलं तर पृष्ठभाग चिकट होतो, सुरकुततो आणि कायमचा दुधाळ होतो. थिनर, पेट्रोल, अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड, हे सगळंही लांबच ठेवा.

ओल्या परीक्षेत पास झालात तर पॉलिश घरीच करा. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या. कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे आपणच वाळूने घासणं, आणि पुण्यात सध्या कुठला रस्ता खोदलेला नाही ते सांगा. मग गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू. त्यानंतर 2000 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक सँडपेपर), मग 3000. पाणी सतत, हात हलका, आणि सरळ रेषेत. गोल गोल नाही. शीट लवचिक असल्यामुळे दाबली की मागे जाते, म्हणून पलीकडून कुणाला तरी पाटावर टॉवेल गुंडाळून धरायला सांगा. माझ्याकडे ही जबाबदारी मुलीकडे होती, तिने तासाभरात संप केला. शेवटी प्लास्टिकसाठीचं पॉलिश सुती कापडाने, हाताने. ड्रिलला बफ लावायचा मोह होतो, पण मऊ पीव्हीसी गरम झालं की भाजल्यासारखा डाग पडतो आणि तो जात नाही. आतली बाजूही करा, बराचसा धुरकटपणा तिथेच असतो. दोन-तीन तास जातात. नव्यासारखं होत नाही, पण रात्री मागची गाडी किती लांब आहे ते कळायला लागतं. तेवढ्यासाठीच तर हे करायचं.

तुमच्या वर्णनावरून मात्र तुमची शीट बदलावीच लागेल असं वाटतं. तीस वर्षांच्या गाडीला ती बहुधा आधीही एकदा बदललेली असणार. कापड धड असेल तर अख्ख्या हुडाचा खर्च करू नका, फक्त मागच्या पडद्यातली शीट बदला.

माझी चूक ऐका. दुसऱ्या वेळी मी एका सीटकव्हरच्या दुकानात पडदा टाकला आणि संध्याकाळी घेऊन आलो. शीट पातळ होती, अर्धा मिलिमीटरही नसेल, आणि टीप अगदी बारीक, सदऱ्याच्या कॉलरला मारावी तशी. दिसायला सुरेख. पुढच्या जुलैत ताम्हिणी घाटात वाऱ्यापावसात वरच्या शिवणीवरून ती अशी फाटली, की जणू टपालाची तिकिटं सुटी करतोय. कारण तेच: टाके जेवढे जवळ तेवढी सुईची भोकं जवळ, आणि कापड जसं धाग्याभोवती आवळतं तसं प्लास्टिक आवळत नाही. मुळशीपर्यंत मागे बेडशीट बांधून आलो.

तिसऱ्या वेळी एक मित्र म्हणाला, अरे, रिक्षाचे हूड शिवणाऱ्याकडे जा की. आपल्या रिक्षांच्या हुडालाही मागे प्लास्टिकची खिडकी असतेच, आणि ती रोज दहा-बारा तास उन्हापावसात असते. नाना पेठेच्या परिसरात हुडाचं काम करणारे एक चाचा भेटले. त्यांनी आधी शीट मला आणायला लावली. म्हणाले, “माल तुमचा, टाका माझा. मग भांडण नको.”

शीट रविवार पेठेत मिळते, रेक्झिन आणि पॅकिंगच्या प्लास्टिकच्या दुकानांमध्ये. ‘सुपर क्लिअर’ मागा, 0.75 ते 1 मिलिमीटर जाडीची. त्याहून पातळ फडफडते, त्याहून जाड गुंडाळता येत नाही. दुकानदार शीट समोर धरून “बघा, पाण्यासारखी” म्हणेल. तसं बघू नका. ती तिरकी धरा, मागची खिडकी जशी कलती असते तशी, आणि तिच्यातून समोरच्या दुकानाची पाटी वाचा. डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे करा. अक्षरं नाचली, लाटा आल्या, तर दुसरा रोल काढायला सांगा. स्वच्छ पण लाटा असलेली शीट रात्री धुरकट शीटपेक्षा जास्त त्रास देते, मागचा एक दिवा दोन दिसतो. किंचित निळसर झाक असेल तर घाबरू नका, पिवळेपणा लपावा म्हणून ती मुद्दाम देतात. शीटचा खर्च शिलाईपेक्षा कमीच असतो, तेव्हा इथे घासाघीस करून पातळ माल घेऊ नका.

आणि एक: दुकानदाराला ती वर्तमानपत्रात गुंडाळू देऊ नका. मी दिली. शीट दोन दिवस गाडीत ऊन खात पडली, आणि उघडली तर वृश्चिक राशीचं भविष्य तिच्यावर उलट्या अक्षरात उमटलं होतं. छपाईची शाई मऊ पीव्हीसीत उतरते आणि मग निघत नाही. अर्धा मीटर वाया गेला. पांढरं मलमल किंवा जुनी सुती साडी गुंडाळा.

चाचांचं काम बघण्यासारखं होतं. त्यांनी जुनी शीट आधी कापली नाही. पडदा टेबलावर सपाट पसरला, नवी शीट आतून जुनीवर ठेवली, कडेने दोन्ही बाजूंना चिकटणारी टेप लावली. टाचण्या नाहीत, कारण टाचणीचं प्रत्येक भोक कायमचं राहतं. नवी टीप मारून झाल्यावर मगच बाहेरून जुनी शीट कापून काढली. आधी जुनी काढली तर कापडाची चौकट सैल पडते, तिरकी होते, आणि मग चेन जुळत नाही. टाका पाच मिलिमीटरचा, धागा पॉलिएस्टरचा. नायलॉन ताकदीला चांगला पण उन्हात लवकर सडतो. मशीनचा पाय प्लास्टिकला चिकटून टाके गोळा होतात, म्हणून ते टिपेच्या रेषेवर आधी टाल्कम पावडर फिरवत होते. कोपरे त्यांनी वाटी ठेवून गोल आखले, कारण काटकोनातला कोपरा तिथूनच फाटायला लागतो. शेवटी शिवणीवर आतून मेण घासलं. तरी पहिल्या पावसात दोन थेंब आले, नंतर आले नाहीत.

शिवताना शीट किती ताणायची यावर आमचा थोडा वाद झाला. मला ती ढोलकीसारखी हवी होती. ते म्हणाले, अजिबात नाही. त्यांचंच बरोबर होतं. पुण्यात मेमधली दुपार चाळिशीला जाते आणि जानेवारीतली पहाट दहाच्या खाली. एवढ्या फरकात मीटरभर शीट दोनेक मिलिमीटर तरी कमी-जास्त होते, मऊ असेल तर त्याहून जास्त. मेमध्ये ताणून शिवलेली जानेवारीत टाक्यांवर ओढ देते. सपाट ठेवून, न ओढता शिवायची. उन्हाळ्यात जराशी लाट दिसली तरी चालेल.

तुमचा हूड कॅनव्हासचा नसून रेक्झिनचा, म्हणजे पीव्हीसीचा लेप असलेला असेल, तर शिवण्याऐवजी वेल्डिंगही होतं. ताडपत्री आणि तंबू बनवणाऱ्यांकडे हाय फ्रिक्वेन्सीचं मशीन असतं, त्यात भोकंच पडत नाहीत. एका पडद्यासाठी ते मशीन लावतील का, हे विचारून बघा.

आता खऱ्या काचेचं. माझदा एमएक्स-5 च्या पहिल्या पिढीत मागे प्लास्टिकच होतं, चेनने सुटणारं. दुसऱ्या पिढीत काच आली. पोर्शे बॉक्स्टरलाही 2003 च्या मॉडेलपासून काच आली. पण त्यांचा हूड चौकटीवर घडी होताना काच सपाट जाऊन बसेल अशी सगळी रचना बदलून. जिप्सीचा पडदा चेनवर लोंबतो आणि गुंडाळून वर बांधायचा असतो. तिथे काच म्हणजे वजनाने शिवण उसवणार आणि गुंडाळणं बंद. ते डोक्यातून काढा. मित्राची काच पुढेमागे कापडापासून सुटली (या गाड्यांचं ते जुनं दुखणं आहे), तर त्याला सिलिकॉन भरू देऊ नका. सिलिकॉनचा अंश राहिला की नंतर योग्य गोंदही धरत नाही. विंडशील्डसाठीचा पॉलियुरेथेन आणि त्याचा प्रायमर लागतो.

दुकानात तुम्हाला ‘स्मोक’ म्हणजे काळपट शीटही दाखवतील. घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार जायला हवा, बाजूंच्या काचांतून 50 टक्के. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली ती याच नियमाच्या आधारे. शिवाय तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंगला उभी राहणार. तिथे नसता प्रश्न कशाला?

नवी शीट बसल्यावर पहिला महिना ती गुंडाळूच नका. नंतरही थंडीत सकाळी नाही. सिंहगडावर पहाटे पोहोचून ‘टॉप काढू’ म्हणायची हौस येते, तेव्हाच चिरा जातात. ऊन लागून शीट मऊ झाली की मधे सुती कापड ठेवून सैल गुंडाळा. ओली कधीच नाही, पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते. गाडीवर कव्हर घालत असाल तर कापडी घाला, प्लास्टिकचं उन्हात शीटला चिकटतं.

मागचा पडदा वर आणि बाजूचे बंद, असं चालवू नका. गाडीमागे हवेचा भोवरा होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. डोकं दुखायला लागलं तर ते ऊन लागल्यामुळेच असेल असं समजू नका. सगळे पडदे उघडे किंवा मागचा बंद.

चाचांकडे जाताना पडदा गाडीवरून काढून, धुऊन, वाळवून न्या. आणि जुनी शीट कापून निघाली की मागून घ्या. ती पिवळी असली तरी मापाचा कागद म्हणून पुढच्या वेळी उपयोगी पडते. माझी कपाटामागे उभी आहे, वर तारीख लिहून.