पोकळ वाजणारा गिलावा

प्रश्न : आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, भिंती चिऱ्याच्या. तीन वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. यंदाच्या पावसात पश्चिमेच्या भिंतीवरचे मोठाले तुकडे सुटून पडले. गवंडी म्हणतात, वरून वॉटरप्रूफ रंग मारा. तेवढ्यावर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. पडलेला एक तुकडा उलटा करून पाहा. पाठीला तांबडी भुकटी असेल आणि तिथला मसाला नखाने खरवडला जात असेल, तर गिलाव्याने भिंत धरलीच नव्हती. जांभा चिरा सच्छिद्र असतो. कोरड्या भिंतीवर गिलावा चढवला की चिरा मसाल्यातलं पाणी शोषून घेतो आणि भिंतीलगतचं सिमेंट घट्ट होण्याआधीच सुकतं. असा थर वरच्या रंगाने धरून राहत नाही.

हातोडीच्या दांड्याने पूर्ण भिंत ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढा भाग खडूने आखा आणि चिऱ्यापर्यंत काढा. सांधे अर्धा इंच खोल उकरा, ताराच्या ब्रशने भुकटी झाडा. आदल्या दिवशी भिंत भरपूर भिजवा. काम सुरू करताना ती ओलसर हवी, पण पाणी निथळत नको.

गिलावा दोन हातांत, म्हणजे दोन थरांत करा. पहिला १२ ते १५ मिलिमीटर, एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. तो ओला असतानाच लाटांसारखे चरे ओढा. किमान दोन दिवस पाणी मारून मग दुसरा ६ ते ८ मिलिमीटरचा. एकाच हातात इंचभर जाड थापला तर तो स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि भिंतीपासून सुटतो. घाईच्या कामात हे सर्रास होतं. १०० चौरस फुटांना साधारण पावणेदोन गोण्या सिमेंट आणि साडेआठ घनफूट वाळू लागेल. चिरे ओबडधोबड असतील तर दोन गोण्या धरा. पाणी घातल्यावर मसाला अर्ध्या तासात संपवा. पृष्ठभाग लवकर घोटता यावा म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका, केसासारख्या भेगा त्यानेच पडतात. खाडीची किंवा समुद्राची वाळू तर नकोच. तिच्यातल्या मिठाने ओल धरते, पांढरे डाग फुटतात.

बीम आणि चिऱ्याच्या जोडावर कोंबडीजाळी दोन्हीकडे सहा इंच जाईल अशी खिळ्यांनी ताणून बसवा. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा, नाहीतर पाणी उलटं भिंतीकडे येतं.

दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस पाणी मारा. पश्चिमेच्या भिंतीवर ओलं गोणपाट लटकवा; दुपारच्या उन्हात नुसतं मारलेलं पाणी तासाभरात उडून जातं. रंग २८ दिवसांनंतर. म्हणजे मृगाआधी रंगही आटपायचा असेल तर गिलावा एप्रिलच्या मध्यापर्यंत संपायला हवा; दिवाळीनंतर लगेच हात घातला तर उत्तमच.

प्रश्न : आजोळच्या घराच्या भिंती मातीच्या सांध्यांच्या आहेत. त्यांनाही हेच करावं का?

उत्तर : कृपया करू नका. सिमेंटचा कडक थर आतली ओल अडवतो आणि मऊ भिंतीबरोबर हलत नाही, म्हणून तो तडकतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा.