जुना आयफोन लॅपटॉपला दिसत नाही, रिस्टोअरही होत नाही?
भाऊ, फोन गेला असं लगेच धरू नका. आधी टॉर्च मारून चार्जिंगचं भोक पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत खिशातली रुई अन् धूळ त्यात दाबून बसते. पिन अर्धवट राहते, चार्जिंग होतं पण लॅपटॉपला फोन दिसत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद काढा. टाचणी अजिबात नको. मग केबल बदला, काही स्वस्त केबलीत डेटाच्या तारा नसतातच.

मग रिकव्हरीत, म्हणजे लॅपटॉपवरून फोनचं सॉफ्टवेअर पुन्हा भरायच्या मोडमध्ये, लॅपटॉपवर ‘अपडेट’च दाबा, ‘रिस्टोअर’नं फोटो उडतात. लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर डाउनलोड व्हायला 15 मिनिटांच्या वर लागले तर फोन आपोआप रिकव्हरीतून बाहेर येतो. गावच्या नेटवर हे व्हायचंच! डाउनलोड पूर्ण होऊ द्या, मग फोन पुन्हा रिकव्हरीत टाका. अन् हो, लाइन जायच्या वेळेला सुरू करू नका.