ॲप आहे ना हातात, मग शाखेतलं खातं कशाला? – वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की ॲपवालं खातं खुशाल वापरा पण शाखेतलं जुनं खातं बंद करू नका. त्यावर एवढे प्रश्न आले की आज दुसरं काहीच घेत नाही. नावं काढली आहेत आणि प्रश्न थोडे छाटलेत.

प्रश्न (हिंजवडी, पुणे) : काका, वय २७. पगार, एसआयपी, भाडं, जेवणाचा डबा सगळं एकाच ॲपवाल्या खात्यातून होतं. गावाकडे सरकारी बँकेत स्कॉलरशिपसाठी उघडलेलं एक खातं आहे, दोनेक हजार पडून आहेत. आई म्हणते असू दे, मला ते उगाच लोढणं वाटतं. बंद करू का?

उत्तर : आईचं ऐका. ॲप वाईट म्हणून नाही, मी स्वतः भाजी पण यूपीआयनेच घेतो. पण तुमचा सगळा संसार एका फोनवर, एका सिमवर आणि एका बँकेवर उभा आहे, ह्यातलं एक जरी अडलं की बाकीचं चांगलं असून उपयोग नाही.

समजा लोकलमध्ये फोन गेला. नवीन सिम तुम्ही तासाभरात घ्याल, पण सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसेमेस येत नाहीत, फसवणूक थांबावी म्हणून तसा नियमच आहे. एसेमेस नाही म्हणजे ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणजे नव्या फोनवर ॲप चालू होत नाही. आणि चालू झालं तरी पहिला दिवसभर बहुतेक बँका यूपीआयने ५ हजारांच्या वर जाऊ देत नाहीत. डेबिट कार्ड खिशात असेल तर ठीक, पण हल्ली किती जणांनी प्लॅस्टिकचं कार्ड मागवलेलंच नसतं, ॲपमध्ये त्याचं चित्र दिसतं तेवढंच. अशा वेळी शाखेत पासबुक आणि आधार घेऊन जायचं, विड्रॉल स्लिप भरायची, सही जुळली की कॅशियर नोटा मोजून देतो, त्याला तुमच्या फोनशी काही देणंघेणं नाही. होम ब्रँच गावाला असेल तर स्लिप दुसऱ्या शाखेत चालते का आणि कितीपर्यंत, ते आत्ताच विचारून ठेवा, किंवा खातं पुण्यातल्या शाखेत ट्रान्सफर करून घ्या, फुकट होतं.

आणि बँकच अडली तर? ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना ५० हजारांच्या वर काढता येईना, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच रात्री फोनपे पण बंद पडलं, कारण तेव्हा त्यांचं यूपीआय येस बँकेच्या मार्फत चालायचं, म्हणजे ज्यांचा येस बँकेशी काडीचा संबंध नाही असे लोक पण दुकानात फोन हलवत उभे. फोनपेने दुसरी बँक धरून गाडी लवकर रुळावर आणली, येस बँकेचे निर्बंध पण १८ मार्चला उठले, पण तोवर ज्यांचं दुसरीकडे खातं होतं तेच निवांत होते.

एक मात्र खरं सांगतो, २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआयच देशभर गडबडलं होतं, तेव्हा दोन काय चार बँकांत खाती असती तरी स्कॅनरवर काही झालं नसतं. म्हणून घरात थोडी रोख पण ठेवा.

मिनिमम बॅलन्सची काळजी असेल तर स्टेट बँकेने तो दंड २०२० मध्येच काढला, २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा आणि अजून काही सरकारी बँकांनी काढला. खाजगी बँकेत जुनं सॅलरी अकाउंट पडून असेल तर मात्र बघा, पगार यायचा थांबला की ते काही महिन्यांत साधं सेव्हिंग होतं आणि दंड सुरू होतो, असली खाती बेलाशक बंद करा. तुमच्या गावच्या खात्यात एका महिन्याच्या खर्चाएवढे पैसे टाका आणि अधूनमधून शंभर रुपये का होईना इकडून तिकडे करा, दोन वर्षं तुमच्याकडून काहीच व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि मग केवायसीचे कागद घेऊन परत चक्कर आली.

प्रश्न (कोल्हापूर) : माझं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. एका अनोळखी गिऱ्हाइकाने १,८०० रुपये यूपीआय केले, माल घेऊन गेला. बारा दिवसांनी माझं पूर्ण खातं फ्रीझ, त्यात लाखाच्या वर रक्कम आहे. बँक म्हणते दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आहे, आम्ही काही करू शकत नाही. माझी चूक काय?

उत्तर : चूक काहीच नाही दादा, आणि असे मेसेज मला आता दर आठवड्याला येतात.

होतं असं की कुणीतरी कुठेतरी फसतो आणि १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार करतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे ज्या ज्या खात्यांत फिरले ती साखळी पोलीस काढतात आणि एकेका खात्यावर होल्ड लावायला बँकांना कळवतात. तुमचं गिऱ्हाईक त्या साखळीत चौथं-पाचवं कुणीतरी असणार. तुम्ही कव्हर आणि चार्जर विकलं, पण कागदावर तुमच्या खात्यात चोरीचे पैसे आले. पोलिसांना हा अधिकार आधी सीआरपीसीच्या कलम १०२ खाली होता, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०६ खाली आहे. बँकेने वादातली रक्कम तेवढी अडवावी, सबंध खातं नको, असं केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये म्हटलं आहे, पण काउंटरवरचा माणूस हात वर करतो आणि पूर्ण खातं लॉक ठेवतो.

आता करायचं काय. बँकेकडून लेखी घ्या : तक्रारीचा नंबर, कुठलं पोलीस स्टेशन, किती रकमेचा वाद आणि अधिकाऱ्याचा ईमेल. त्या पत्त्यावर त्या दिवसाचं बिल, दुकानाचं शॉप ॲक्ट किंवा उद्यम रजिस्ट्रेशन आणि स्टेटमेंट पाठवा, सीसीटीव्ही असेल तर तो तुकडा पण. सोबत स्वच्छ लिहा की १,८०० वर होल्ड राहू दे, बाकीचं खातं मोकळं करायला बँकेला कळवा. हेच पत्र बँकेला द्या आणि पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. पण पोलिसांनीच पूर्ण खातं गोठवायला सांगितलं असेल तर लोकपाल त्यात फार काही करू शकत नाही, मग वकील गाठा. आणि कुणी 'दहा हजार द्या, खातं उघडून देतो' म्हणून फोन केला तर तो दुसरा चोर समजा.

हे सगळं व्हायला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर होलसेलवाल्याला काय देणार, पोरांची फी कशातून भरणार? म्हणून दुकानदारांनी, रिक्षावाल्यांनी, ज्यांच्याकडे रोज अनोळखी पैसे येतात त्या सगळ्यांनी स्कॅनरचं खातं वेगळं ठेवलंच पाहिजे. रोज रात्री त्यातली रक्कम घरच्या खात्यात वळवा. आणि घरचं खातं दुसऱ्या बँकेत हवं, त्याच बँकेत दुसरं उघडलंत तर कस्टमर आयडी एकच असतो, कुलूप लागलं तर दोन्हीला लागायची भीती.

प्रश्न (डोंबिवली) : ॲपवाली बँक बुडाली तर पैसे मिळतात का? आमच्याकडे पतपेढीत पण ठेव आहे, ती जास्त सेफ ना? ओळखीची माणसं आहेत.

उत्तर : आधी ॲप आणि बँक वेगळं करा. भारतात निव्वळ ॲपवर चालणाऱ्या बँकेचं वेगळं लायसन्सच नाही. ज्युपिटर हे ॲप काही बँक नाही, त्याच्यातून उघडलेलं बचत खातं फेडरल बँकेत असतं. तेव्हा तुमच्या ॲपमध्ये तळाशी बारीक अक्षरात कुठल्या बँकेचं नाव आहे ते वाचा, पैसे तिच्याकडे आहेत. बँकेतल्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी फक्त १ लाख होता. तो माणशी, बँकेमागे. एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवलं तरी पाचच लाख, दोन वेगळ्या बँकांत ठेवलं तर पाच-पाच. सहकारी बँकांना पण हा विमा आहे. वॉलेटमधल्या पैशांना नाही.

आणि पतपेढीला पण नाही! ओळखीची माणसं संचालक मंडळावर आहेत म्हणून ठेव सेफ होत नाही, महाराष्ट्रात हे कितीदा शिकायचं. पतसंस्था ही बँक नव्हे, ठेव विमा महामंडळ तिच्या ठेवीला हात लावत नाही.

विमा असला तरी पैसे दुसऱ्या दिवशी हातात पडत नाहीत बरं का. बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची, असा कायदा २०२१ मध्ये झाला, तोही पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या लोकांचे हाल झाल्यावर. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसीवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून हजार रुपये काढायची परवानगी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर आले तेव्हा तर पहिले दोन आठवडे एक रुपया पण निघत नव्हता. ह्या दोन्ही बँका शाखा असलेल्या, टेबल-खुर्चीवाल्या होत्या. तेव्हा शाखा दिसते म्हणजे भरवसा, हे पण डोक्यातून काढा. मी दोन खाती म्हणतो ती एवढ्यासाठी की दोन्ही बँका एकाच दिवशी अडायची शक्यता कमी.

जाता जाता, पेमेंट्स बँकेत (छोट्या व्यवहारांची, कर्ज न देणारी बँक) दिवसाअखेर २ लाखांच्या वर ठेवता येत नाही. आणि घरबसल्या नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेलं खातं असेल तर शिल्लक १ लाख आणि वर्षाची जमा २ लाख एवढीच मुभा असते, वर्षाच्या आत व्हिडिओ किंवा शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करावं लागतं. घर विकल्याचे पैसे असल्या खात्यात घ्यायला जाऊ नका.

प्रश्न (सातारा जिल्हा) : दादा, लाडक्या बहिणीचा हप्ता मंजूर झाल्याचं दाखवतंय पण माझ्या पासबुकात एन्ट्री नाही. फॉर्मवर नंबर बरोबर दिला होता. पैसे गेले कुठे?

उत्तर : ताई, सरकारी अनुदान फॉर्मवरच्या नंबराला जात नाही, आधारला जोडलेल्या खात्यात जातं. आणि आधार ह्या कामासाठी एका वेळी एकाच बँकेला जोडलेलं असतं, जी शेवटी जोडली ती. मधल्या काळात कुणी सिम घेताना किंवा गावात कॅम्प लागला होता तेव्हा अंगठा घेऊन तुमचं पेमेंट्स बँकेत खातं उघडलंय का आठवा. २०१७ मध्ये एअरटेलच्या गिऱ्हाइकांची गॅस सबसिडी अशीच त्यांना पत्ता नसलेल्या पेमेंट्स बँक खात्यांत गेली होती आणि शेवटी आधारवाल्यांनी कंपनीचं ई-केवायसी थांबवलं होतं. मायआधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' (आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते) बघा, बँकेचं नाव दिसेल, पैसे तिथेच असतील. मग तुमच्या नेहमीच्या शाखेत जा आणि आधार सीडिंगचा फॉर्म भरा. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली होती म्हणजे सीडिंग झालं असं नाही, दोन्ही वेगळं, तिथे लोक फसतात.

प्रश्न (नाशिक) : बाबा ७१ वर्षांचे. मी त्यांची एफडी आणि पेन्शन, सगळं एका ॲपवाल्या खात्यात आणायच्या विचारात आहे, व्याज अर्धा टक्का जास्त मिळतंय. ते ऐकत नाहीत.

उत्तर : एफडीचा एखादा भाग न्या, पेन्शन आहे तिथे राहू दे. जास्तीच्या अर्ध्या टक्क्याने एक लाखावर वर्षाला ५०० रुपये मिळतात, तेवढ्यासाठी त्यांना त्यांच्या ओळखीच्या काउंटरवरून उठवायचं का ते तुम्ही ठरवा. हयातीचा दाखला, लॉकर, डीडी ही त्यांची कामं अजून शाखेतच सुरळीत होतात.

मला काळजी वेगळी वाटते. ॲपवर उघडलेलं खातं बहुतेक वेळा एकाच नावावर असतं. शाखेत आईबाबांचं जॉइंट खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करता येतं, म्हणजे उद्या एक जण नसला तरी दुसऱ्याला चेकवर सही करून पैसे काढता येतात. एकट्याचं खातं असलं आणि तो माणूस गेला की मुलं त्याचा पिन वापरून पैसे काढतात, सर्रास चालतं, पण ते नियमाला धरून नाही आणि भावाभावांत बिनसलं की तोच पुरावा होतो. नॉमिनी लावा, १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत लावता येतात. नॉमिनी असेल आणि कागद पूर्ण असतील तर बँकेने १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण खातं आहे हेच घरात माहीत नसेल तर मागणार कोण? पासबुक निदान कपाटात सापडतं. तुमच्या स्वतःच्या ॲपवाल्या खात्याचा नंबर बायकोला सांगितलाय का हो?

प्रश्न (दुबई) : इथे येऊन तीन वर्षं झाली, भारतातली दोन्ही खाती तशीच चालू आहेत, एक ॲपवालं, एक शाखेतलं. काही प्रॉब्लेम?

उत्तर : आहे. एनआरआय झाल्यावर साधं रेसिडेंट सेव्हिंग तसंच चालू ठेवता येत नाही, एनआरओमध्ये (एनआरआयचं भारतातलं रुपयांचं खातं) बदलावं लागतं. जुनी बँक हे तिकडूनच कागद मागवून करून देते का विचारा, ॲपवाल्यांकडे ही सोय नसेल तर ते खातं सरळ बंद करा. आणि भारतातलं सिम रिचार्ज करत रहा, निदान कन्व्हर्जन होईपर्यंत, सगळे ओटीपी तिथेच येतात.