‘फ्रेम गेली’ म्हणतात त्यांचं लगेच ऐकू नका. आणि तीन लिटर पाठीवर घेण्याआधी थांबा

तुम्ही लिहिलंय की दीडशे किलोमीटरच्या सायकल राइडला अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुरत नाहीत, फ्रेम लहान असल्याने मोठ्या बसत नाहीत, त्यात सीटट्यूबवरच्या (सीटखालच्या उभ्या नळीवरच्या) केजचा, म्हणजे बाटली धरणाऱ्या पिंजऱ्याचा, एक बोल्ट नुसता गोल फिरतोय आणि दुकानात ‘फ्रेम गेली’ म्हणून सांगितलंय. म्हणून पाठीवर तीन लिटरची, नळीने पाणी प्यायची बॅग घ्यायचा विचार आहे. हेच वाक्य मीही एका दुकानात ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता. तेव्हा पाण्याआधी बोल्टचं बोलू.

अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनच्या फ्रेममध्ये केजच्या भोकात आतून आटे असलेली एक छोटी नळी दाबून बसवलेली असते, तिला रिव्हनट म्हणतात. बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा ही नळीच बोल्टबरोबर फिरतेय. फ्रेमला काही झालेलं नसतं. कारणही बहुधा एकच: घाम आणि साखर-मिठाचं पेय बाटलीवरून ओघळून बोल्टमध्ये झिरपतं, स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमची नळी गंजून एकमेकांना धरतात, आणि मग कुणीतरी जोर लावतं. तो जोर लावणं हीच मोठी चूक. बोल्ट जाम लागला की भेदक तेल (फटीत शिरून जाम सोडवणारं पातळ तेल) सोडून रात्रभर थांबा. नळी फिरायला लागलीच असेल तर तिची कड बारीक पकडीने धरून बोल्ट सोडवा. कड हाताला लागत नसेल तर बोल्टचं डोकं ड्रिलने हळूहळू उडवावं लागतं. ते मात्र सवय असलेल्या हातानेच करावं.

बोल्ट निघाला आणि नळीचे आटे शाबूत असले, तर ती परत घट्ट करता येते. ३० मिमी लांबीचा एम५ (५ मिमी जाडीचा) बोल्ट घ्या. त्यावर आधी एम५ नट चढवा, मग साधा वायसर, त्याखाली दातेरी वायसर. नट आणि साध्या वायसरच्या मध्ये ग्रीस लावा. बोल्ट नळीत पूर्ण आत घाला, अ‍ॅलन कीने तो जागच्या जागी धरून ठेवा आणि आठच्या पान्याने नट खाली आवळा. नट बोल्टला बाहेर ओढतो, नळी आतल्या बाजूने फुगते आणि भोकाला पकडते. फिरणं थांबलं की तुम्हीही थांबा. हे अ‍ॅल्युमिनियमसाठी सांगतोय. कार्बनवर असं करू नका, भोकाभोवती तडा जाऊ शकतो. ते काम कार्बन दुरुस्त करणाऱ्याकडेच द्या.

केज परत लावताना आट्यांना ग्रीस हवंच. आवळणं दोन ते तीन न्यूटन-मीटर, फ्रेमवर वेगळा आकडा छापला असेल तर तोच पाळा. निदान पाच पूर्ण फेरे आत गेले पाहिजेत. केज आणि फ्रेमच्या मध्ये अ‍ॅडॅप्टर (केज सरकवणारी पट्टी) घातला तर बोल्टही तेवढाच लांब घ्या, नाहीतर टोकाचे आटे जातात.

आता पाणी. लहान फ्रेममध्ये अडतं ते बाटली वर खेचायला जागा नसते म्हणून. बाजूने निघणारं केज घ्या आणि भोकं खाली सरकवणारी पट्टी लावा. मग डाउनट्यूबवर (हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या तिरक्या नळीवर) ७५० मिलीची, कधीकधी ९५० मिलीचीही बसते. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून जागा मोजा. डाउनट्यूबच्या खालच्या बाजूला तिसरी जागा असेल तर पुढचं चाक बाटलीला घासत नाही ना ते बघा. तिथे चिखल उडतो, म्हणून झाकणाची बाटली, तीही राखीव पाण्याची. सीटमागचे केज मला पटत नाहीत, खड्ड्यात बाटली उडून मागच्याच्या चाकाखाली जाते. लावायचेच असतील तर रबरी पट्टा बांधा.

किती न्यायचं ते घरी मोजा. तासभराच्या राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. ६०० ग्रॅम घटलं आणि मध्ये ४०० मिली प्यायलात, म्हणजे तासाला साधारण लिटरभर घाम. तेवढं सगळं भरून काढायलाच हवं असं नाही, आणि राइडनंतर वजन वाढलेलं तर अजिबात नको. नुसतं पाणी अति प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं आहे. (मी डॉक्टर नाही, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांनाच विचारा.) पाणी पूर्ण राइडचं नाही, पुढच्या भरण्याच्या ठिकाणापर्यंतचं आणि वर अर्धा लिटर, एवढंच न्या.

पाठीवरची बॅग खडबडीत वाटेवर, हँडल सोडता येत नाही तिथे उत्तम. डांबरी रस्त्यावर सहा तास तीन किलो खांद्यावर म्हणजे मान आणि बूड दोन्ही दुखणार, शिवाय पाठीला वारा नाही. घेतलीच तर दीड लिटरच भरा आणि त्यात साधं पाणीच. गोड पेयाने बॅगेच्या प्यायच्या नळीत बुरशी धरते आणि ती ब्रशशिवाय निघत नाही. धुऊन झाल्यावर नळी काढून ठेवा आणि बॅग उलटी टांगा.

उन्हाळ्यात एक बाटली अर्धी भरून आडवी गोठवा, सकाळी वरून पाणी घाला. आणि नवीन केज लावल्यावर भरलेल्या बाटल्यांसह वीस किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा तपासा. रिकाम्या बाटल्यांवर ढिलेपणा कळत नाही.